दिघीहून मुंबई किती दूर?



नकाशावर पट्टी ठेवली तर रायगड जिल्ह्यातील दिघी बंदर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटर भरते. सागरी मापात हे अंतर ४० मैलांच्या आसपास येते. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ते कापण्यास सहा मिनिटेही लागणार नाहीत. मात्र दिघीच्या माणसाला म्हसळा, माणगाव असा वळसा घेऊन दीडशेहून अधिक किलोमीटर जावे लागते आणि त्यात त्याचा अर्धा दिवस मोडतो. मग खरे अंतर कोणते मानावयाचे?

विमानप्रवासातही हाच प्रश्न उद्भवतो. मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे, तर रेल्वेने ते १,३८० किलोमीटरांच्या पुढे जाते. वेगाने भागाकार केला तर विमानाला दीड तासही लागू नये. परंतु वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ दाखविलेला असतो. याचे कारण असे की, धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे आणि प्रसंगी आकाशात घिरट्या घालीत थांबणे, हे सारे त्या वेळात मोजलेले असते. वाऱ्याचाही त्यात वाटा असतो. वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांमुळे मुंबईहून लंडनला जाण्यास परतीच्या प्रवासापेक्षा अधिक वेळ लागतो, अंतर मात्र तेच राहते. शिक्षकांनी वर्गात दोरा आणि पृथ्वीगोल घेऊन हा हिशेब अवश्य करून घ्यावा.

दिघीला विमानतळ नाही. आहे ती राजपुरीची खाडी. पलीकडे मुरुड तालुक्यातील आगरदांडा डोळ्यांना स्पष्ट दिसतो. फेरीबोटीने माणसे आणि वाहने थोड्याच वेळात पैलतीरी पोहोचतात. बोट चुकली तर तोच माणूस खाडीला पूर्ण वळसा घालून कित्येक पट अंतर तोडतो. पावसाळ्यात वारा आणि लाटा वाढल्या की फेरी थांबवावी लागते. त्या दिवशी मुरुड दिघीपासून दूर सरकते, नकाशात तसूभरही बदल न होता!

एके काळी मुंबईच्या आगबोटी कोकणच्या बंदरांना जोडीत असत. हा मार्ग जवळचा खरा, पण निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या आगबोटी आता इतिहासजमा झाल्या आहेत. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी बोटसेवा सुरू झाली आणि अलिबागकरांचा रस्त्याचा वळसा वाचला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचा समावेश आहे. सागरी महामार्गासाठी आगरदांडा-दिघी पुलाचीही योजना आहे. उद्योगाला मालवाहतुकीचे किलोमीटर महत्त्वाचे वाटतात, तर बाळंतिणीच्या घरच्यांना मिनिटे. प्रवासभत्त्याच्या देयकात किलोमीटरच लिहावयाचे असल्याने अधिकाऱ्यांचेही लक्ष तिकडेच राहते, हे समजण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीने विकास आराखडा करताना मात्र दवाखाना, शाळा आणि बाजार यांच्यापुढे दोन रकाने आखावेत: कोरड्या दिवसांत लागणारा वेळ आणि भर पावसात लागणारा वेळ. दिघीसारख्या गावाने त्यात तिसरा रकानाही घालावा, शेवटची फेरी सुटून गेल्यानंतर लागणाऱ्या वेळेचा.