अंगठ्यावर चढलो

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी मला परदेशवारीवर पाच मिनिटं दिली आहेत. बँकेतल्या माणसाला मुदत पाळायची सवय, म्हणून एकाच दिवसाचं सांगतो.

मुलगा मॉरिशसला नोकरीला आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघं महिनाभर तिकडे होतो. एका शनिवारी रात्री तो म्हणाला, "बाबा, उद्या ल पूस चढू या." ल पूस म्हणजे फ्रेंचमध्ये अंगठा. उंची ८१२ मीटर. १८३६ साली चार्ल्स डार्विन हा डोंगर चढला होता म्हणे. सौ. म्हणाली, "अंगठा बघायला इतक्या लांब? पनवेलला जाताना एसटीतून कर्नाळ्याचा फुकट दिसतो!"

वाट उसाच्या शेतांतून सुरू होते. शेतात जागोजागी काळ्या दगडांचे मोठाले ढीग. एक दगड उचलून पाहिला, तर आपली काळवत्रीच! नातवाने शाळेत शिकलेलं सांगितलं: जमिनीखालच्या ज्या तप्त जागेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वर आला, तिनेच पुढे मॉरिशस घडवलं, आणि आता ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे आपण दगडाच्या नात्याने भाऊबंदच. ते ढीग मात्र माणसांनी रचले. आधी गुलामांनी आणि १८३४ पासून गिरमिटिया मजुरांनी हातांनी दगड वेचून शेतं मोकळी केली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. गणेश चतुर्थीला तिकडे आजही सार्वजनिक सुट्टी असते.

रोह्याच्या शाखेत असताना स्टाफबरोबर अवचितगड चढलो होतो, तेव्हा पस्तिशीत होतो. आता बाहत्तर. पेरूच्या झाडीतून खिंडीपर्यंत ठीक होतं. तिथे सौ. आणि सूनबाई डबा उघडून बसल्या. शेवटचा टप्पा हात टेकूनच चढायचा, दगड निसरडे. नातू वरून "आजोबा, डावा पाय!" असं ओरडत होता. छातीत धडधडत होतं, हे घरी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय.

वर वारा फार. खाली पोर्ट लुईचं बंदर. त्या बंदरावरच आप्रवासी घाट आहे, मजूर जहाजातून उतरायचे तो. मुलगा शेजारी बसून म्हणाला, "बाबा, पेणचा फ्लॅट काढा आता. इकडेच या. रात्री काही झालं तर कोण आहे तिथे?"

मी म्हटलं, "आधी खाली तर उतरू."

खिंडीत आलो तर सौ.ने सुनेला केव्हाच सांगून टाकलं होतं की गणपती पेणलाच बसणार. शेअर सर्टिफिकेट दोघांच्या नावे आहे, तिच्या सहीशिवाय काही हलत नाही. मुलगा अजून दर रविवारी फोनवर विचारतो. रात्री कोण आहे, याला मी तळमजल्यापासून वरपर्यंत तुमची नावं सांगतो. मग तो विचारतो, "आणि लिफ्ट?" त्यावर मला गप्प बसावं लागतं. तेवढा विषय कमिटीने येत्या वार्षिक सभेत घ्यावा.