होडीचं यंत्र आणि खालचा गिअरबॉक्स

पेणच्या बाजूला अंबा नदीची धरमतर खाडी, रोह्याच्या बाजूला रेवदंड्याशी समुद्राला मिळणारी कुंडलिका. इथं लहान होडीला मागे लावायचं यंत्र, म्हणजे आउटबोर्ड मोटर, घेताना जो तो हॉर्सपॉवर विचारतो. गिअरबॉक्सचं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

जुन्या यंत्राला दुसऱ्या मॉडेलचा, स्वस्तात मिळालेला गिअरबॉक्स मी बसवून घेतला. वरून बोल्ट चपखल बसले. उभा शाफ्ट मात्र जरासा आखूड होता, त्याचे दाते अर्धेच धरत होते. ऐन ओहोटीत ते झिजून गेले. यंत्र घुमतंय, पंखा मात्र थांबलेला! होडीत धाकटा भाऊ होता. पाणी उतरलं, होडी चिखलात रुतली. त्या चिखलात पाय टाकला तर कमरेपर्यंत माणूस जातो, म्हणून पाणी पुन्हा चढेपर्यंत दोघं उन्हात बसून राहिलो.

तेव्हा शाफ्टची लांबी आणि दाते आधी ताडून पाहा. मग गुणोत्तर. दहाएक हॉर्सपॉवरच्या साध्या यंत्रात ते साधारण २.०८ असतं, म्हणजे इंजिनाचे ५००० फेरे झाले की पंख्याचे सुमारे २४००. ओझ्यासाठी बनवलेल्या यंत्रात ते २.९२ असतं, तिथे पंखा सतराशेच्या आसपास फिरतो, पण मोठा पंखा लावता येतो. जाळी, बर्फ, चार माणसं घेऊन भरतीच्या विरुद्ध जायचं असेल तर हाच बरा. हलक्या होडीत तो उगाच जड होतो.

लांबीही साधारण दोन प्रकारची, १५ इंची आणि २० इंची. मागची फळी बुटकी असताना लांब यंत्र लावलं, तर उथळ पाण्यात पंखा चिखल उपसत बसतो. तोच गाळ थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबर खातो.

वापरलेला गिअरबॉक्स घेताना रंगाला भुलू नका. खालचा स्क्रू सैल करून तेल बोटावर घ्या. दुधासारखं निघालं तर आत पाणी शिरलंय. पंख्याच्या मागे जाळ्याचा दोरा गुंडाळला गेला की सील कापतं, तेही पंखा काढून बघावं. विकणारा कुरकुरतो. कुरकुरू द्या. नवं तेल भरायचं ते खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते.