घरातील औषधे आणि कुटुंबाची जबाबदारी

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले ते १९९२ साली, कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. त्या काळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्या दुर्दैवी घटनेनंतर आरोग्य, आदिवासी विकास, महिला व बालकल्याण या खात्यांच्या कामाची सांगड घालण्याची निकड शासनास जाणवली आणि १९९५ पासून आदिवासी क्षेत्रांत नवसंजीवनी योजना राबविण्यात येऊ लागली. पावसाळ्यात पाड्यांवर जाणारी भरारी पथके, पाडा स्वयंसेवक, आणि पुढे आशा स्वयंसेविका यांच्या हातून औषध दारापर्यंत पोहोचू लागले. ज्या घरात तापाची साधी गोळी मिळणे दुरापास्त होते, त्याच घरात आज गोळ्यांची अर्धवट पाकिटे शिल्लक दिसतात. हा पालट स्वागतार्हच आहे. मात्र त्याबरोबर एक नवी जबाबदारी कुटुंबावर येऊन पडली आहे आणि आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

व्यसन म्हटले की दारू, तंबाखू, गांजा यांची नावे चटकन पुढे येतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेल्या गोळीचे व्यसन लागते, ही गोष्ट सुशिक्षितांच्याही गळी सहजासहजी उतरत नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेणाऱ्यांची संख्या त्यात सुमारे १ कोटी १८ लाख दिली आहे. हे सारे शहरातलेच लोक असतील, असे समजून खेड्यांनी निर्धास्त राहण्याचे कारण नाही.

या गैरवापराची सुरुवात बहुधा कोणत्याही वाईट हेतूने होत नाही. आवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून कंबर धरते, वीटभट्टीवर ओझे उचलून खांदे भरून येतात. शेजारच्या घरात अशाच दुखण्यासाठी डॉक्टरने दिलेल्या चार गोळ्या उरलेल्या असतात. त्यांतली एक मागून आणली जाते. गुण येतो. दुसऱ्या दिवशी कामाला जाण्याआधीच गोळी घेतली जाते, आणि काही आठवड्यांनी एकीने भागत नाही. ट्रामाडॉलसारखे वेदनाशामक असेल तर शरीर त्याला सरावते. न घेतल्यास अंग मोडून येते, घाम फुटतो, झोप उडते. माणसास वाटते की मूळचे दुखणेच बळावले आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. साध्या वेदनाशामकाची सवय लागत नसली, तरी ते महिनोन्महिने घेतल्यास जठरास व्रण पडतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

याहून फसवे औषध स्टेरॉइडचे. सांधेदुखीवर, दम्यावर ते जादूसारखे काम करते आणि भूकही वाढवते. म्हणून पदवी नसलेले, बॅग घेऊन हिंडणारे 'डॉक्टर' ते सर्रास देतात आणि रोगीही त्यांच्यावर खूश असतो. पुढे चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि दबलेला क्षय डोके वर काढतो. अशा बोगस व्यावसायिकांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये कारवाई होऊ शकते. पण गावाने त्याला दारात उभे केले, तर कायदा तरी कुठवर पुरणार?

चिठ्ठीवरचे औषध घेणारा प्रत्येक जण व्यसनी, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. सिकलसेलच्या रुग्णास वेदनेचा झटका आला म्हणजे तीव्र वेदनाशामकाची खरोखरीच गरज असते. फेफऱ्याच्या रुग्णाने रोजची गोळी चुकवणे धोक्याचे असते. क्षयरोग्याने बरे वाटू लागले म्हणून उपचार मध्येच सोडला, तर जंतू औषधास दाद देईनासे होतात. योग्य औषध, योग्य माणसास, सांगितले तितके दिवस, एवढाच येथे आग्रह आहे.

कुटुंबाने करावयाची पहिली गोष्ट अगदी साधी आहे. घरातली औषधे भिंतीच्या कोनाड्यात, उशाखाली किंवा शिंकाळ्यात विखुरलेली न ठेवता झाकणाच्या एका पत्र्याच्या डब्यात, शक्यतो कुलपात ठेवावीत. डबा एकाच जाणत्या व्यक्तीच्या ताब्यात असावा. बहुतेक घरांत ती घरातली आई किंवा आजीच असेल. तिला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाने पाकिटावरचे नाव व मुदत वाचून दाखवावी आणि आठवड्यातून एकदा गोळ्या मोजाव्यात. दहा दिवसांची गोळी सहा दिवसांत संपली, तर विचारणा तेथूनच सुरू व्हावी. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही, हा नियम पाहुण्यारावळ्यांनाही लागू करावा. पाहुण्याला नाही म्हणणे जड जाते खरे. परंतु भाकरी वाटून घेण्याची वस्तू आहे, गोळी नव्हे.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. गरोदर मातेस मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या रंगीत असतात; मूल त्या खाऊ समजून मूठभर गिळू शकते आणि त्या त्याच्या जिवावर बेततात. असे झाल्यास मीठ-पाणी पाजून बळेच उलटी काढू नये. मूल गुंगीत असेल तर त्यास कुशीवर निजवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात नेताना रिकामे पाकीट न विसरता बरोबर घ्यावे. कोणते औषध आणि किती, हे त्यावरून डॉक्टरला कळते. मोठ्या माणसाने गुंगीच्या गोळीवर दारू घेतली असल्यासही हीच तातडी हवी, कारण अशा वेळी श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो.

घरातल्या कोणास सवय लागल्याचे लक्षात आले, तर मारहाण किंवा चारचौघांत पाणउतारा केल्याने तो माणूस लपवालपवी तेवढी शिकतो. संतापाच्या भरात सगळ्या गोळ्या चुलीत टाकणे तर धोक्याचेच. अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम दीर्घकाळ घेणाऱ्याची गोळी एकाएकी तोडली, तर त्यास फेफरे येऊ शकते; स्टेरॉइड अचानक बंद केल्यासही प्रकृती गंभीर होते. मात्रा हळूहळू उतरविण्याचे काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. घरच्यांनी सोबत जावे, हे अधिक मोलाचे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो, तो याच जाणिवेतून. व्यसनमुक्तीबाबतच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा विनाशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. वास्तविक अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमात, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ आहे.

औषध विक्रेत्यावरही बंधने आहेत. २०१४ च्या मार्चपासून अमलात आलेल्या एच-१ अनुसूचीतील औषधे विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव आणि औषधाची संख्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. वर उल्लेखिलेली ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम व डायझेपाम ही तिन्ही औषधे त्या यादीत आहेत. चिठ्ठीविना ती मिळत असल्याचे आढळल्यास पंचायत सदस्यांनी अन्न व औषध प्रशासनास कळवावे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस मादक पदार्थांबाबत अधिकार आहेत आणि दारूबाबत काही गावांनी ते वापरलेही. पण घरातल्या डब्यापर्यंत ग्रामसभेचा ठराव पोहोचत नाही. तेथे आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांचाच उपयोग. वर्गात सतत पेंगणारा, एकाएकी अबोल झालेला विद्यार्थी शिक्षकाच्या नजरेस घरच्यांच्या आधी पडतो.

दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, तेव्हा हा डबा बहुधा मागे राहतो किंवा गाठोड्यात मिसळून जातो. निघण्यापूर्वी आशा स्वयंसेविकेने तो एकदा उघडून पाहावा. क्षयाचे किंवा फेफऱ्याचे औषध पुरेशा दिवसांचे, उपचाराच्या कागदासह बरोबर द्यावे. मुदत संपलेल्या व उरलेल्या गोळ्या विहिरीत वा ओहोळात न टाकता उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला दाखवून तिच्या सांगण्याप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावावी. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या कोण मोजणार, तेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.