प्रयोगशाळेतला थेंब आणि नोंदवहीतला रकाना



जून-जुलैत महाविद्यालये उघडली की खेड्यापाड्यांतून पालक मुलामुलींना वसतिगृहात पोचवायला येतात. ट्रंक खोलीत ठेवून झाली, चहा झाला, की निघताना पुष्कळजण विचारतात, "सर, सायन्सला म्हणजे पोरं नेमकं शिकतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे. फी भरलेली असते ती उसाच्या बिलातून नाहीतर दुधाच्या पगारातून. तेव्हा त्या पैशाचे पुढे काय होते, हे विचारण्याचा त्यांना हक्कच आहे.

मी गणिताचा एम. ए. आहे. संगणकाच्या विद्यार्थ्यांना मी माहितीप्रणालीची मांडणी हा विषय शिकवतो. माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिकडे हायड्रोजन सल्फाइड निघाला की नासक्या अंड्यांचा वास माझ्या वर्गातही हजेरी लावतो! या दोन खोल्यांत पुस्तकाबाहेरचे जे शिक्षण चालते, त्याबद्दल आज बोलावे असा विचार आहे.

आधी प्रयोगशाळेत जाऊ. तिथे ब्युरेट नावाची काचेची एक उभी, सरळ नळी असते. तिच्यात पन्नास मिलिलिटर द्रव मावतो. अंगावर बारीक रेघा असतात, आणि दोन रेघांमधले अंतर म्हणजे मिलिलिटरचा दहावा हिस्सा. खाली तोटी. नळीत दाहक सोड्याचे द्रावण भरायचे. खाली काचेच्या चंबूत पिपेटने बरोबर दहा मिलिलिटर आम्ल मोजून घ्यायचे आणि त्यात फिनॉल्फ्थॅलीन नावाच्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे. आता एका हाताने तोटी सांभाळायची, दुसऱ्याने चंबू हलवत राहायचे. बराच वेळ काहीच होत नाही. मग एखादा थेंब पडतो, गुलाबी छटा उमटते आणि विरते. आणखी एक थेंब. छटा जरा रेंगाळते. आणि एका थेंबाला ती फिकी गुलाबी टिकून राहते. तिथे थांबायचे. हात चुकून दोन-चार थेंब जास्त गेले की रंग गडद होतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा साधारण विसावा भाग. नांगराच्या मुठीला किंवा बैलाच्या कासऱ्याला सरावलेला हात हे शिकू शकत नाही, असे कोणी म्हणेल तर मी ते मानणार नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात खेड्यातल्या मुलांचे हात शहरातल्या मुलांइतकेच स्थिर झालेले मी पाहतो.

यातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. ब्युरेट धुऊन झाल्यावर, जे द्रावण तिच्यात भरायचे त्यानेच ती एकदा खंगाळून घ्यायची. चंबू मात्र नुसत्या शुद्ध पाण्याने धुवायचा, आम्लाने मुळीच नाही. असे का? ब्युरेटीत पाण्याचे थेंब राहिले तर आतले द्रावण पातळ होईल आणि माप खोटे ठरेल. चंबूत पाणी राहिले तर काही बिघडत नाही, कारण आम्ल किती ते पिपेटने आधीच ठरवले आहे. पण चंबू आम्लाने खंगाळला तर न मोजलेले आम्ल आत शिल्लक राहील. दोन्ही भांडी काचेचीच, दोन्ही धुवायचीच. पण कोणते कशाने धुवायचे हे त्याच्याकडून आपण काय काम घेणार यावर ठरते. गाइड पाठ करणारा मुलगा हा नियम पंधरा दिवसांत विसरतो. ज्याने स्वतःच्या हाताने प्रयोग बिघडवला आहे, तो जन्मात विसरत नाही.

तसेच वाचनाचे. नळीत द्रवाचा पृष्ठभाग सपाट नसतो, वाटीसारखा खोलगट असतो. त्याचा तळ कोणत्या रेघेला टेकतो ते पाहायचे, आणि डोळा अगदी त्याच पातळीवर आणून पाहायचे. वरून पाहिले तर एक आकडा दिसतो, खालून पाहिले तर दुसरा. एस. टी.त ड्रायव्हरच्या बाजूला बसून वेगाच्या काट्याकडे पाहा, त्याला दिसतो त्याहून निराळा आकडा तुम्हांला दिसेल.

आणि ज्या दाहक सोड्याने मोजायचे, तोही बेभरवशाचाच! तो हवेतला ओलावा ओढतो, कार्बन डायऑक्साइड शोषतो. कितीही नीट तोलला तरी त्यात निव्वळ सोडा किती हे तराजूला कळत नाही. म्हणून त्याच्या द्रावणाची ताकद ऑक्झॅलिक आम्लाच्या माहीत असलेल्या द्रावणाशी आधी पडताळून घ्यावी लागते. दुकानदाराच्या वजनांवर सरकारी छाप पाहतो ना आपण, त्यातलाच हा प्रकार.

आता जरा अप्रिय बोलतो. प्रयोग तीनदा करायचा आणि तिन्ही वाचने जर्नलात लिहायची, असा नियम आहे. खऱ्या हाताची वाचने ९.८, ९.७, ९.८ अशी येतात. पण पुष्कळ जर्नलांत तिन्ही ठिकाणी ९.८ असते, कधी कधी तर गेल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेले. मुलाला वाटते, आकडे जितके एकसारखे तितके गुण जास्त. दुर्दैवाने काही परीक्षकांनाही तसेच वाटते. माझ्या मते हा विद्यार्थ्याच्या आळसापेक्षा आपल्या गुण देण्याच्या रीतीचा दोष अधिक आहे.

न जुळणारा आकडा किती मोलाचा असतो, याचे एक उदाहरण सांगतो. इंग्लंडात लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ वायूंची वजने करीत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरमागे सुमारे १.२५७ ग्रॅम भरे, आणि अमोनियासारख्या संयुगातून काढलेला १.२५१ ग्रॅमच्या आसपास. फरक अवघा दोनशेत एक भागाचा. दुसरा कोणी म्हणाला असता, चालायचेच! रॅले यांनी १८९२ साली 'नेचर' नियतकालिकात हा फरक छापून कोणी याचे कारण सांगेल काय, असे विचारले. पुढे विल्यम रॅमझी यांच्यासह शोध घेता घेता १८९४ साली आरगॉन हा नवाच वायू सापडला. आपण घेतो त्या श्वासात तो जवळजवळ शंभरात एक भाग असतो, आणि तोवर तो कोणालाच ठाऊक नव्हता. १९०४ साली दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले, रॅले यांना पदार्थविज्ञानाचे आणि रॅमझी यांना रसायनाचे.

कोणी म्हणेल, हे झाले विलायतेचे, आम्हांला त्याचे काय? तर मग आपल्या गावच्या दूध डेअरीवर या. दुधाचा भाव फॅटवर ठरतो हे लहान पोरालाही माहीत आहे. ते फॅट मोजण्याची एक जुनी, खात्रीची रीत निकलाऊस गेर्बर या स्विस रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. काचेच्या खास नळीत आधी दहा मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घ्यायचे. त्यावर कडेकडेने, हळूच १०.७५ मिलिलिटर दूध सोडायचे. मग एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट बसवून हलवायचे. नळी चटका बसण्याइतकी गरम होते. आम्ल दुधातली प्रथिने विरघळवते, स्निग्धांश मोकळा होतो. नळ्या यंत्रात मिनिटाला साधारण अकराशे फेऱ्यांनी चार-पाच मिनिटे फिरवल्या की तो वर गोळा होतो. ६५ अंशांच्या पाण्यात नळी धरून त्याची उंची वाचायची. आज बहुतेक ठिकाणी यंत्राच्या खिडकीत फॅटचा आकडा उमटतो. पण यंत्र खरे बोलते की नाही, हे पडताळायला हीच रीत उपयोगी पडते. म्हणजे पाहा, डोळा पातळीवर न आणता नळी वाचली तर नुकसान परीक्षेतल्या गुणांचे होत नाही. ज्या बाईने पहाटे उठून म्हैस पिळली, तिच्या पैशाचे होते.

आणि तो आकडा बरोबर निघाला तरी काम संपत नाही. तो संगणकात जातो, कोणाच्या तरी नावावर चढतो, आणि दहा दिवसांनी त्याचे पैसे होतात. इथे माझी खोली सुरू होते.

माहितीप्रणालीची मांडणी म्हणजे संगणकाची बटणे दाबणे नव्हे. पहिले काही आठवडे आमच्याकडे कागद आणि पेन्सिलच असते. जगातल्या कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची, एक गोष्ट दुसरीपासून ओळखायची कशी, आणि त्यांचे एकमेकींशी नाते काय, हे आधी ठरवायचे. आय. बी. एम. कंपनीत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली सगळी माहिती साध्या तक्त्यांत कशी मांडता येईल हे गणिताच्या आधारे दाखवले. १९७६ साली पीटर चेन यांनी वस्तूंसाठी चौकट आणि नात्यासाठी शंकरपाळ्याचा आकार अशी चित्रे काढण्याची पद्धत रूढ केली. आमची मुले हीच शंकरपाळी काढत असतात.

कॉड यांच्या विचारातून निघालेला एक नियम असा, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. समजा, डेअरीच्या वहीत रोजच्या दुधाच्या ओळीपुढे सभासदाचा बँक खाते क्रमांकही लिहिला. वर्षाच्या सातशे-आठशे ओळी झाल्या. मग खाते बदलले. काही ओळींत नवा क्रमांक आला, काहींत जुनाच राहिला. आता पैसे कुठे जाणार? म्हणून सभासदांचा तक्ता वेगळा, दुधाचा वेगळा, आणि दोहोंना जोडणारा फक्त सभासद क्रमांक. काही मुले म्हणतात, क्रमांक कशाला, मोबाइल नंबरच ओळख म्हणून धरू. ऐकायला सोपे वाटते. पण ज्या घरात दोघां सभासदांत मिळून एकच फोन आहे, तिथे त्या दोघांतला एकजण प्रणालीतून नाहीसाच होतो. आणि नाहीसे कोण होते, ते तुम्ही जाणताच.

मी वर्गात सातबारा घेऊन जातो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. आता तो संगणकावरही मिळतो. मुलांना सांगतो, याचे चित्र काढा. पहिल्या झटक्यात बहुतेकजण 'जमीन' अशी एक चौकट काढतात आणि तिच्यातच 'मालकाचे नाव' लिहून मोकळे होतात. मग चर्चा सुरू होते. गट क्रमांक एका गावापुरताच वेगळा असतो. १२ नंबरचा गट शेजारच्या गावातही असतो. म्हणजे जिल्हा, तालुका, गाव आणि गट मिळून ओळख पटते. बरे, एका गटात खातेदार अनेक, आणि एका खातेदाराचे गटही अनेक. मग कोणाचा हिस्सा किती, हे लिहायचे कुठे? ते ना जमिनीत बसते ना माणसात. ते दोघांच्या नात्यातच बसते, त्या शंकरपाळ्यात.

एका वर्षी वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या उताऱ्यात मामांची नावं वर आहेत आणि आईचं 'इतर हक्कां'त आहे. माझ्या चित्रात मी तिला कुठं दाखवू?" वर्ग गप्प झाला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण जुन्या उताऱ्यांवर बहिणींची नावे 'इतर हक्कां'च्या सदरात पडलेली अजून आढळतात. रकाना कोणता, हा प्रश्न तिच्या दृष्टीने मुळीच तांत्रिक नव्हता. तो तास आम्ही त्या एकाच प्रश्नावर घालवला, आणि अभ्यासक्रम एक दिवस मागे पडला. पडू द्या.

आणखी एक गोष्ट मुलांना फार उशिरा उमगते. कोरा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्जन्यमापकापुढे शून्य लिहिले म्हणजे पाऊस पडला नाही; जागा कोरी ठेवली म्हणजे कोणी मोजलाच नाही. कोऱ्या जागी शून्य दडपले तर ज्या गावात पाऊस झाला तिथेही कागदावर दुष्काळ दिसेल. रसायनशास्त्रात याचे थोर उदाहरण आहे. मेंडेलेयेव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्यांचा तक्ता मांडला, तेव्हा जिथे माहीत असलेले मूलद्रव्य बसेना तिथे ओढूनताणून काही न बसवता त्यांनी जागा मोकळी ठेवली. १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि त्या जागा भरल्या.

ऐकणाऱ्यांत शिक्षकबंधू-भगिनी पुष्कळ असतील. तुमच्या शाळेत ब्युरेट नसेल, संगणक कपाटात बंद असेल. तरी एक करता येईल. चुन्याची निवळी गाळून एका पेल्यात थोडी घ्या. चुना डोळ्यांत जाऊ नये एवढी काळजी घ्या. हे हाताळण्याचे काम तुम्हीच करा. तिच्यात चिमूटभर हळद टाका, लालसर रंग येईल. लिंबाचा रस गाळून त्याच्या नऊपट पाण्यात मिसळा आणि औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. लाल जाऊन पिवळा रंग परतेपर्यंत थेंब मोजायचे. निवळी दर वेळी तेवढीच घेऊन पाच मुलांकडून पाचदा करून घ्या. पाच आकडे वेगवेगळे येतील. ते फळ्यावर जसेच्या तसे लिहा, एकही खोडू नका, आणि मुलांना विचारा, हे असे का झाले? पुढच्या तासाला त्याच आकड्यांचा तक्ता करायला सांगा: कोणी मोजले, कधी, कोणत्या लिंबाच्या रसाने. लिंबाचा रकाना आधी कोणाला सुचणार नाही. तो सुचेपर्यंत थांबा.