वाफेची वाटणी



वैशाखाच्या उन्हात घर गरम करण्याच्या विद्येवर आम्ही बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु आजचा प्रश्न उष्णतेचा कमी आणि वाटणीचा अधिक आहे; आणि वाटणीचा प्रश्न आपणांस परका नाही.

न्यूयॉर्क शहरातील पुष्कळशा जुन्या इमारती आजही वाफेने गरम होतात. तळघरात बॉयलर, तेथून मजल्यामजल्यावर जाणारे लोखंडी नळ आणि खोल्यांतून बिडाचे रेडिएटर. कित्येक ठिकाणी नळ एकच. त्यातूनच वाफ चढते आणि तिचे पाणी होऊन त्यातूनच उतरते. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटखाली गेले की घरात निदान ६८ अंश राखणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

आणि तरीही काय दिसते? बॉयलरजवळचा भाडेकरू भर हिमवर्षावात खिडकी उघडून बसतो, तर वरच्या टोकाच्या खोलीतील वृद्धा अंगात कोट घालून कुडकुडते. तिने तक्रार केली की मालक जाळ वाढवतो, दाब वाढवतो. खाली आणखी उकडते, इंधनाचे बिल फुगते, आणि वृद्धेची थंडी काही पुरती हटत नाही.

याचे मर्म हवेत आहे. बॉयलर थांबला की नळांत हवा भरते. ती बाहेर पडल्यावाचून वाफेला आत जागा नाही. म्हणून रेडिएटरला एक लहानशी झडप असते. ती हवा सोडते आणि वाफ पोहोचताच आपोआप मिटते. जवळच्या रेडिएटरांना वाफ आधी मिळते. दूरचे वाट पाहतात, आणि तेवढ्यात बॉयलर बंद होतो.

उपाय साधा आहे. तळघरातील मुख्य नळांच्या टोकांना मोठ्या झडपा बसवाव्यात, म्हणजे वाफ सर्व उभ्या नळांच्या पायथ्याशी जवळजवळ एकाच वेळी येते. मग जवळच्या रेडिएटरांना सावकाश हवा सोडणाऱ्या झडपा द्याव्यात, दूरच्यांना जलद. दाब चौरस इंचाला दोन पौंडांच्या आतच पुरतो. कारण वाफेचे पाणी झाले की तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी घटते, आणि त्या रिकाम्या जागेत पुढची वाफ आपण होऊन धावते. भाडेकऱ्यानेही एक पथ्य पाळावे: एकनळी रेडिएटरची तोटी पूर्ण उघडी तरी ठेवावी, नाहीतर पूर्ण बंद करावी. अर्धवट ठेवल्यास पाणी अडते आणि रात्री नळ घणासारखे वाजतात.

कालव्याच्या शेपटाकडचा आमचा शेतकरी हे सारे ओळखील. धरणात पाणी वाढवल्याने त्याचे शेत भिजत नाही. वरची दारे बेताने धरावी लागतात. त्या वृद्धेच्या वाट्याची ऊब इमारतीत आहेच. ती आज खालच्या खिडकीतून रस्त्यावर जात आहे. ती तिच्यापर्यंत पोहोचवायला नवा बॉयलर नको, थोडी चौकशी हवी.