पेरलं, पण उगवलं नाही



अपयश म्हटलं की परीक्षा आठवते, धंदा आठवतो.
आज बोलूया दुबार पेरणीबद्दल.

पेरलं, आणि उगवलंच नाही.
घर गप्प होतं.
"नशीबच फुटकं," असं कुणीतरी म्हणतं.
पण थांबा.
आधी कारण शोधा. मगच दुसरी पिशवी फोडा.

सोयाबीनचंच घ्या.
त्याच्या दाण्याचं साल फार पातळ.
पोती आपटली, थप्पी उंच रचली, मळणीयंत्र वेगात फिरवलं,
की आतला अंकुर दुखावतो.
वरून दाणा छान दिसतो.
उगवत मात्र नाही.

दुसरं कारण घाई.
पहिल्या पावसात वरची माती ओली होते, खालची कोरडीच राहते.
मग उघडीप पडते, आणि कोंब करपतो.
म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या.

आणि पाऊसच दडी मारतो, तेव्हा?
तेव्हा दोष पेरणाऱ्याचा नसतो.
घरच्यांनो, हे त्याला मोठ्यानं सांगा.

बियाणं मात्र आपण तपासू शकतो.
ओल्या गोणपाटावर 100 दाणे रांगेत ठेवा.
गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा.
आठवड्यानं मोजा.
70 किंवा जास्त उगवले, तर खुशाल पेरा.
थोडे कमी उगवले, तर एकरी बियाणं वाढवा.
फारच कमी उगवले, तर बियाणं बदला.

पुन्हा सांगते, आधी कारण शोधा.
विकतच्या बियाण्याची पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवा.
उगवलं नाही, तर कृषी कार्यालयात तक्रार करताना तीच लागतात.