कुरडयांचा गहू आंबतो तेव्हा

होळी झाली, उन्हं तापायला लागली, की आपल्या बचत गटांमध्ये कुरडयांची गडबड सुरू होते. गटात नव्याने आलेल्या बायका दरवर्षी आम्हाला विचारतात, "ताई, गव्हाला वास सुटलाय, फेकून देऊ का?" फेकू नका. तीन दिवस पातेल्यात काय काय होतं, ते आज बघू या.

पहिल्या दिवशी गहू निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन भिजत घालायचा. दाणा फुगतो, म्हणून पातेलं अर्धंच भरायचं. पाणी गव्हावर चार बोटं हवं. भांडं स्टीलचं घ्या. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं नको, आंबट पाणी त्यात कळकतं. वर झाकण घाला, पण घट्ट नको.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस दिसतो, बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव गव्हातली साखर खातात, त्यातून आंबटपणा आणि वायू तयार होतो. दही आंबतं, इडलीचं पीठ फुगतं, त्यातलाच हा प्रकार. जुनं पाणी ओतून नवं घाला. हे रोज करायचं, फार उकाडा असेल तर दिवसातून दोनदा.

तिसऱ्या दिवशी वास उग्र होतो. शेजारीण नाक मुरडेल, मुरडू द्या. तुम्ही एक दाणा चिमटीत दाबा. साल सुटून पांढरं दूध आलं, की गहू वाटायला तयार. आत कडक कणी लागली तर अजून थांबा. थंड हवेत चौथा दिवसही लागतो. घाई केली तर चीक चोथ्यातच राहतो आणि गव्हाचे पैसे पाण्यात जातात. फार उशीर केला तर कुरडया आंबट लागतात.

मात्र हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, पाण्याला तार आली, किंवा आंबूस सोडून सडका वास आला, तर ते पातेलं सरळ टाकून द्या. दुसऱ्या पातेल्यात मिसळू नका. एका पातेल्याचा तोटा सगळ्याजणी मिळून सोसता येतो. पण खराब माल गेला आणि गिऱ्हाईक तुटलं, तर पुढच्या उन्हाळ्याची मागणीही गेली.

वाटून गाळलेला चीक रात्रभर ठेवला, की सकाळी वर पिवळसर पाणी आणि खाली घट्ट पांढरा चीक बसलेला दिसतो. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाका, मग चीक शिजवायला घ्या.

आणखी एक. भिजत घातल्याचा वार पातेल्यावर खडूने लिहून ठेवा, म्हणजे पाळी बदलली तरी गोंधळ होत नाही. आभाळ भरून आलेलं असेल, तर त्या दिवशी गहू भिजत घालूच नका. सोऱ्यातून पडलेल्या कुरडईला कडक ऊन लागतंच.

तर मैत्रिणींनो, वासाला घाबरू नका, दाणा दाबून बघा.